चपाती प्रकरण (१८५७)

१८५७ च्या उठावाआधी, साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात, उत्तर व मध्य हिंदुस्थानात गावोगाव चपात्या फिरविल्या गेल्याची घटना. पूर्वसूचना हाती असूनही राज्यकर्ते गाफील कसे राहिले, या चर्चेत तिचा हमखास उल्लेख होतो. एका गावचा चौकीदार शेजारच्या चौकीदाराला चपाती देई व तशाच आणखी करवून पुढील गावांना पोचविण्यास सांगे. नेणाऱ्यांना तिचा अर्थ ठाऊक नसे. मथुरेचा मॅजिस्ट्रेट मार्क थॉर्नहिल याच्या कचेरीतील टेबलावरही अशा चार चपात्या आल्या.

चपात्यांच्या मुळाविषयी एकमत नाही. उठावाचा ब्रिटिश इतिहासकार मॅलेसन याने त्यांमागे उठावाचे एक पुढारी मौलवी अहमदुल्ला शाह यांचा कट पाहिला. दिल्लीतील पहाडगंजचे ठाणेदार मुईनुद्दीन हसन खान यांच्या निवेदनानुसार, मराठी सत्तेच्या पाडावाआधीही धान्याची काडी व भाकरीचा तुकडा असाच फिरला होता, असे त्यांनी वडिलांकडून ऐकले होते आणि दिल्लीतील इंग्रज अधिकारी मेटकाफ याला सांगितलेही होते. हे निवेदन उठावानंतरचे असल्याने जपून वापरावे लागते. रोगराई गावाबाहेर घालविण्याचा हा तोडगा असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते; इतिहासकार किम वॅग्नर यांच्या मांडणीचा कलही तिकडेच आहे. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडण्याची महाराष्ट्रातील चाल याच जातीची. सुरेंद्रनाथ सेन व रमेशचंद्र मजुमदार या इतिहासकारांनी पूर्वनियोजित कटाची कल्पना स्वीकारली नाही. मात्र मूळ हेतू कोणताही असो, काडतुसांच्या चरबीची व धर्म बाटविण्याची वदंता पसरलेल्या वातावरणात चपातीला नवा अर्थ चिकटला, हे इतिहासकार रणजित गुहा यांचे विवेचन महत्त्वाचे आहे.

इतिहासकार सी. ए. बेली यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या वार्तासंकलनाचा अभ्यास करताना, अर्थ न लागणाऱ्या खुणांनी अधिकारी कसे धास्तावत हे दाखविले. चपातीची धास्ती अशी होती; स्पष्ट इशारे मात्र दुर्लक्षिले गेले. बंगालमधील बराकपूर छावणीच्या जनरल हिअर्सीने फेब्रुवारीतच आपण सुरुंगावर बसल्याचे कळविले होते. मीरतेत ९ मे च्या संध्याकाळी एका देशी अधिकाऱ्याने लेफ्टनंट ह्यू गफला दुसऱ्या दिवशीच्या बंडाची खबर दिली. गफने ती वरिष्ठांना, ब्रिगेडियर विल्सनलाही सांगितली. कोणी विश्वास ठेवला नाही. १० मे रोजी उठाव झाला.

बहादूरशहा जफर यांच्यावरील १८५८ च्या खटल्यात साक्षीदारांना चपात्यांबद्दल विचारण्यात आले; निर्णायक उत्तर मिळाले नाही.