मोटारीच्या रंगावरील चिवट डाग काढणे (बेळगाव सीमाभाग)

पाणी आणि शाम्पूने न निघणारे डाग मोटारीचा मूळ रंग न दुखावता उतरवण्याचे काम. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात ते वॉशिंग सेंटरवर किंवा घरच्या अंगणात होते.

कारखान्यात दिलेल्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते. त्यांतला सर्वांत वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ असतो. गाडीची चकाकी त्याचीच. कंपाउंड, म्हणजे घासून चकाकी आणणारी पेस्ट, लावून घासणे, ज्याला इकडे ‘रबिंग मारणे’ म्हणतात, त्यात हाच थर थोडाथोडा झिजतो आणि पुन्हा भरून येत नाही. दर दिवाळीला रबिंग मारून घेण्याची हौस म्हणूनच महागात पडते. डाग आधी मऊ करावा, विरघळवावा, घासणे शेवटी.

या भागाचा खास त्रास बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला दिसतो. फौंड्री आणि मशीन शॉपच्या आवारात रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर, विशेषतः पांढऱ्या, बारीक नारिंगी ठिपके उठतात. ग्राइंडिंगमधून उडालेले लोखंडाचे कण रंगावर रुततात आणि दमट हवेत तिथेच गंजतात. धुतलेल्या गाडीवर हात फिरवला तरी ते खरखरीत लागतात. यावर आयर्न रिमूव्हर फवारतात. लोखंडाशी संयोग होताच तो जांभळा होऊन ओघळतो. तो वाळू न देता धुवावा. उरलेले कण क्ले बारने, म्हणजे मळलेल्या कणकेसारख्या मऊ गोळ्याने, भरपूर शाम्पूचे पाणी मारत उचलावेत. गोळा जमिनीवर पडला तर तो टाकून द्यावा, त्यात शिरलेली वाळू रंगावर ओरखडे काढते.

महामार्गावर किंवा चोर्ला घाटात नव्या डांबरावरून गेल्यास दारांच्या खालच्या बाजूला शिंतोडे बसतात. टार रिमूव्हर नसेल तर रॉकेलचा बोळा मिनिटभर दाबून धरावा, डांबर सुटते. मग तेलकटपणा शाम्पूने काढावा. पेट्रोल वापरू नये, त्याची वाफ भडका घेते. गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या भागावर कुठलेही द्रव्य आधी आडोशाच्या जागी लावून पाहावे. थिनर तर अशा रंगाला सोलूनही काढतो.

फणस-आंब्याच्या चिकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. बोअरच्या पाण्याचे क्षारांचे पांढरे वण पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने उतरतात, नंतर स्वच्छ धुवावे. गळीत हंगामात साखर कारखान्याजवळ बसणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडांची, राख मात्र कोरड्या फडक्याने मुळीच पुसू नये. तिच्यात सिलिका, म्हणजे वाळूसारखे कडक कण, भरपूर असते आणि ती रंगावर ओरखडे काढते. पाण्याच्या धारेनेच ती वाहून घालवावी. खानापूरकडच्या तांबड्या चिखलालाही हाच नियम.

पक्ष्याची विष्ठा सर्वांत घातक, कारण ती आम्लधर्मी असते आणि उन्हात क्लिअर कोट तापून मऊ झालेला असतो. संध्याकाळी तो आकसताना वाळलेल्या विष्ठेभोवती धरून बसतो आणि वण कायमचा उमटतो. दिसताक्षणी ओले फडके दहा मिनिटे ठेवून उचलून घ्यावे, पुसत ओढू नये.

खंडेनवमीच्या पूजेत बॉनेटवर ओढलेले हळदीकुंकू कोणीच लगेच पुसत नाही, आणि ते बरोबरही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी शाम्पूने धुवावे. बाकी डाग उन्हाने पक्के होतात. हळदीचे उलट आहे. तिच्यातले कर्क्युमिन सूर्यप्रकाशात विघटित होते, त्यामुळे उरलेला पिवळेपणा चार दिवस उन्हात गाडी ठेवली की फिका होत जातो. बाजारी कुंकवातला कृत्रिम रंग तसा जाईलच असे नाही, म्हणून त्याचा पट्टा आधी धुवावा.

एवढे करूनही खूण राहिली तर तिच्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले, तर डाग गेलेला असून खाली खड्डा किंवा ओरखडा आहे. तो कुठल्याही द्रव्याने जात नाही. तिथे पेंटरलाच दाखवावे लागते.