बनावट खात्यामागे कोण आहे? कंपनीकडून माहिती मिळण्यासाठी पुण्यात तक्रार कशी द्यावी

तुमचं नाव आणि फोटो वापरून कोणी इन्स्टाग्रामवर खातं उघडलं आणि नातेवाइकांकडे पैसे मागायला लागलं, तर ते खातं बंद करून घेणं तुमच्या हातात आहे. ते चालवतंय कोण, हे मात्र कितीही मेल केले तरी कंपनी तुम्हाला सांगणार नाही. ही माहिती तपास यंत्रणेच्या लेखी आदेशावर किंवा न्यायालयाच्या हुकमावरच मिळते. २०२१ च्या आयटी नियमांनुसार असा आदेश पोचल्यापासून ७२ तासांत कंपनीने माहिती द्यायची असते. त्यामुळे तक्रार अशी लिहा की तिच्यातूनच पोलिसांना कंपनीला नोटीस काढता यावी.

सगळ्यात आधी: घाईघाईने 'रिपोर्ट' दाबू नका. खातं उडालं की लिंकही हातची जाते. बंद खात्याची नोंदणीची माहिती कंपनीने १८० दिवस जपायची असते, पण कोणतं खातं हेच नेमकं सांगता आलं नाही तर त्याचा उपयोग नाही.

स्क्रीनशॉट सगळेच आणतात, आणि बहुतेकांत फक्त वर दिसणारं नाव असतं. त्या नावाची हजार खाती असतात. प्रोफाइलची पूर्ण लिंक, युजरनेम, प्रत्येक पोस्टची वेगळी लिंक, आणि मेसेज आल्याची तारीख-वेळ असं सगळं टाइप करून द्या. छापील कागदावरची लांबलचक लिंक हाताने उतरवताना एक अक्षर चुकलं तरी नोटीस परत येते. वेळेपुढे 'भारतीय वेळ' लिहा. कंपन्यांच्या नोंदी बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) असतात: आपल्याकडचे रात्रीचे ११.४० म्हणजे तिथे १८.१०. हा साडेपाच तासांचा फरक निसटला तर तपास भलत्याच माणसाच्या दारात जातो.

सोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, स्क्रीनशॉटच्या प्रिंट आणि त्यांच्या मूळ फायली पेन ड्राइव्हवर. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचं, प्रमाणपत्रही पुढे लागतं, म्हणून मूळ फोन विकू किंवा रीसेट करू नका. पैसे गेले असतील तर तक्रार लिहीत बसू नका, आधी १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करा. बँकेचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा.

कोथरूड-हडपसर पुणे शहर पोलिसांकडे, वाकड-भोसरी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे, बारामती-जुन्नर पुणे ग्रामीणकडे. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर 'झिरो एफआयआर' (हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा) मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे. एफआयआरची प्रत मोफत मिळते. राष्ट्रीय सायबर पोर्टलवर मिळालेला पोच क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे.

तोतयेगिरी आणि ओळखचोरी (आयटी कायदा, कलम ६६क आणि ६६ड, म्हणजे 66C आणि 66D) दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवून तपास करू शकतात. निव्वळ बदनामी मात्र अदखलपात्र. तिथे न्यायदंडाधिकाऱ्यांकडेच जावं लागतं. म्हणूनच 'माझी बदनामी झाली' एवढंच लिहिलेला अर्ज अडकतो. तुमचा फोटो वापरला, तुमच्या नावाने पैसे मागितले, हे पहिल्या परिच्छेदातच स्पष्ट लिहा.

नोटीस निघेपर्यंत नोंदी जपून ठेवाव्यात अशी विनंती पोलीस कंपनीला करू शकतात. इन्स्टाग्रामची कंपनी मेटा त्या ९० दिवस राखते. तेवढं लगेच करा असा आग्रह धरा. मेसेजमधला मजकूर मिळणं अवघड असतं: अमेरिकी कंपन्या त्यासाठी दोन देशांमधल्या परस्पर साहाय्य कराराचा मार्ग दाखवतात, आणि त्यात महिने जातात. नोंदणीचं नाव, ईमेल, मोबाइल, लॉगिनचे आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) एवढं तुलनेने सहज येतं.

मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी एकाच वेळी शेकडो ग्राहक वापरत असतात. नुसता आयपी दिला तर मोबाइल कंपनी ग्राहक वेगळा काढू शकत नाही. तपास अधिकाऱ्यांना विनंती करा, की नोटिशीत आयपीसोबत पोर्ट क्रमांकही (एकच आयपी वापरणाऱ्यांतली जोडणी वेगळी ओळखणारा आकडा) मागावा.