उन्हाळ्यातला गरम चहा: एका समजुतीची पार्श्वभूमी

एप्रिलच्या भर दुपारीही पुण्यातल्या अमृततुल्यासमोर माणसं उभी असतात आणि 'गरम चहाने उलट गार वाटतं' हे हमखास कानावर पडतं. ऐकायला आजीच्या बटव्यातलं वाटतं, पण ते तिथलं नाही. ग्रीष्मातला आहार सांगताना आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट गोड, हलकं, स्निग्ध, गार आणि पातळ घ्या म्हणतो. खारट, तिखट, आंबट टाळा म्हणतो. पन्हं, वाळ्याचं पाणी, माठ हे सगळं त्याच वळणाचं.

चहा आपल्याकडे रुळला तोच उशिरा. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली, आणि रानडे-टिळकांसकट अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, ओढवलं. आक्षेप चहाच्या गरमपणावर नव्हता, मिशनऱ्यांच्या हातचा होता यावर होता! पुढे १९०३च्या कायद्याने चहाच्या निर्यातीवर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. मळेवाल्यांना देशातच गिऱ्हाईक हवं होतं, पण उकाड्याच्या देशात वाफाळतं पेय खपवायचं कसं? मग उन्हाळ्यात गरम चहा थंडावा देतो, अशा आशयाच्या जाहिराती रेल्वे स्टेशनांवर झळकू लागल्या. पुण्यात राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी मंडळींनी पितळी पातेल्यात आलं-वेलदोडा ठेचून घातलेला चहा उकळायला घेतला, आणि प्रचाराची फारशी गरजच उरली नाही.

गंमत म्हणजे जाहिरातदारांचा हा दावा पुढे अर्धा खरा निघाला. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली सायकल चालवणाऱ्यांना १.५, १०, ३७ आणि ५० अंश सेल्सिअसचं पाणी पाजून पाहिलं. ५० अंशांचं पाणी प्यायल्यावर अंगात साठणारी उष्णता सर्वांत कमी भरली, कारण घाम जास्त आला. पोटातल्या तापमान जाणणाऱ्या चेतातंतूंमुळे हे घडतं, असं त्यांच्या पुढच्या कामातून दिसलं. हिशेब सोपा आहे. ६० अंशांचा १०० मिली चहा शरीराला साधारण २,३०० कॅलरी उष्णता देतो (आहारातल्या नव्हे, पदार्थविज्ञानातल्या). एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी घेऊन जातो. म्हणजे चार ग्रॅम जादा घाम वाळला की फिटंफाट.

पण तो वाळायला हवा, गळून गेला तर उपयोग शून्य. पुण्याच्या एप्रिलमधल्या कोरड्या दुपारी हे जमतं. मुंबईच्या दमट हवेत नाही, आणि पुण्यातही मेअखेर ढग दाटले की नाही. सनकोट, स्कार्फ आणि हेल्मेट न काढता गाडीवर बसूनच चहा घेतला, तर घाम कापडातच मुरतो. तिथे पन्हंच बरं.