काडीमोडीपासून कैफियतीपर्यंत

तासगाव तालुक्यातल्या एका घरी मुलीच्या नावाचं, घटस्फोटाच्या दाव्याचं समन्स घेऊन कोर्टाचा बेलीफ आला, तेव्हा मी तिथे होतो. "घेऊ नका, सही करू नका," आतून आवाज आला. बेलीफाने वाद घातला नाही. दोन पंच बोलावले, कागद दाराच्या चौकटीला चिकटवला, पंचनामा लिहिला आणि परतीची एसटी धरली. घरच्यांना वाटलं, बला टळली. कायद्याच्या लेखी समन्स बजावून झालं होतं.

कोर्टाच्या कागदाची ही धास्ती आजची नाही. आपल्याकडे अनेक जातींत काडीमोड होती. पंचांसमोर गवताची काडी मोडली की दोघं मोकळी, बाईला पाट लावायची, म्हणजे पुन्हा लग्न करायची, मुभा. इतरांत लग्न म्हणजे जन्माची गाठ. इंग्रजी कोर्टं आली आणि त्यांच्याबरोबर 'बायकोला नांदायला पाठवा' हा दावा आला. 1884 मध्ये दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर असाच दावा लावला. बालपणी झालेलं लग्न मान्य नाही, असं त्या ठामपणे सांगत राहिल्या. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात टिकला नाही, आणि 1887 मध्ये 'नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग' असा हुकूम झाला. तुरुंग परवडला, पण जाणार नाही, हे त्यांचं उत्तर. अखेर 1888 मध्ये पैसे घेऊन दादाजींनी दावा सोडला. नांदायचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये आजही आहे. तुरुंग मात्र गेला.

त्या काळी सातारा इंग्रजी मुलखात, तर सांगली, मिरज, औंध, फलटण संस्थानी. मुंबई प्रांतात 1946 मध्ये द्विभार्याबंदीचा आणि 1947 मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला. देशभराचा हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्याने जुन्या रूढीतली काडीमोड मोडीत काढली नाही, पण ती रूढी आपल्या समाजात आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. त्यामुळे नुसत्या स्टॅम्पपेपरवर लिहिलेल्या सोडचिठ्ठीवर विसंबून दुसरं लग्न लावणं फार धोक्याचं. इतकं होऊनही असे कागद आजही लिहिले जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

1976 च्या दुरुस्तीने संमतीने घटस्फोटाची वाट झाली. 1984 च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालयं आणली. तिथे आधी समेटाचा प्रयत्न, समुपदेशक, आणि वकील हा हक्क नव्हे. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांत ती सक्तीची होती. सातारा-सांगलीला ही अट लागू होत नव्हती, त्यामुळे इथले दावे वर्षानुवर्षं दिवाणी न्यायालयातच चालले.

आपल्या भागाला खरा फरक पडला तो 2003 च्या दुरुस्तीने. नवरा मुंबईत माथाडी, बायको माहेरी साताऱ्याला, हे इथलं नेहमीचं चित्र. तोवर दावा कुठे लावायचा हे लग्न कुठे झालं, दोघं शेवटी कुठे राहिली किंवा समोरचा कुठे राहतो यावर ठरायचं. आता बायको राहते तिथल्या कोर्टातही तिला अर्ज करता येतो. कोर्ट फीची धास्ती त्याआधीच गेली होती: 1994 पासून महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट अशा प्रकरणांत बाईला ती माफ आहे.

अर्ज करणाऱ्याची अशी सोय झाली, तशी उत्तर देणाऱ्याचीही आहे. जाबदाराच्या म्हणण्याला आपल्या कोर्टांत 'कैफियत' म्हणतात. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत ती द्यायची, कोर्टाने मुदत वाढवली तर 90 दिवसांपर्यंत. पोटगीचा प्रश्न असेल तर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मिळकत आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं.

तासगावच्या त्या मुलीची कैफियत गेलीच नाही. एकतर्फी घटस्फोट झाला आणि तो तिला कळला शेजारणीकडून. नंतर तिने हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज दिला. त्यात पहिला प्रश्न हाच होता: चौकटीवरचा कागद कुणी काढला?