लॅप स्टील गिटार

मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवत वाजवायची गिटार. मुंबईत ती हवाईयन गिटार या नावानेच परिचित आहे. तारा पट्टीपासून उंच ताणलेल्या असतात, उजव्या हातात नख्या घालून त्या छेडतात आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) कोठेही न तुटता निघते.

उगमाबद्दल मतभेद आहेत. हवाईतील ओआहू बेटावर जोझेफ केकुकू (१८७४–१९३२) याने शाळकरी वयात, सु. १८८५ ते १८८९ दरम्यान, ही पद्धत शोधली असे बहुतेक अभ्यासक मानतात. रेल्वेरुळाजवळ सापडलेला बोल्ट त्याने तारांवर फिरवला, ही कथा उत्तरकालीन आठवणींवर आधारलेली दिसते. जेम्स होआ याचेही नाव घेतले जाते. तिसरा दावेदार गेब्रिएल डेव्हियन हा हिंदुस्थानात जन्मलेला, एका जहाजाच्या कप्तानाने पळवून नेलेला तरुण. संगीतकार चार्ल्स ई. किंग याने १८८४ मध्ये त्याचे असे वादन ऐकल्याचे सांगितले. त्यावरून काहींनी चित्रवीणा (गोट्टुवाद्यम्) व विचित्रवीणा या गोटा सरकवून वाजवायच्या वीणांशी धागा जोडला. तारेवर गोटा सरकवण्याची रीत आपल्याकडे होतीच, त्यामुळे ही कल्पना मोहक वाटते; तथापि कांडी, उंच तारा आणि शिकवण्याची पद्धत यांना स्थिर रूप देण्याचे श्रेय केकुकूकडेच जाते.

जुन्या विद्युत वाद्यांत रिकनबॅकर या अमेरिकी कंपनीचे ‘फ्राइंग पॅन’ (१९३१–३२) अग्रणी होय. जॉर्ज बोशाँ याच्या या रचनेत ओतीव ॲल्युमिनियमची काया व नालाकृती चुंबक होते. रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने धातू प्रसरण पावून सूर हलत; १९३५ पासून बॅकेलाइट या कठीण प्लास्टिकची वाद्ये आली.

मुंबईत व्हॅन शिप्ले (१९२७–२००८), हजारासिंग, चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांनी चित्रपटसंगीत व ध्वनिमुद्रिकांतून हे वाद्य घरोघरी नेले. रागसंगीतात ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांचे स्थान वरचे. स्टुडिओत खुर्ची, मैफलीत बैठक. त्यामुळे येथे बसूनच वाजवणे रुळले.

उभ्याने वाजवताना खरी अडचण तोलाची. कांडी स्वतःच्या वजनाने तारांवर टेकते. वाद्य किंचित पुढे कलले की ती घसरते व सूर बिघडतो. फेंडर या गिटार कंपनीच्या ‘स्ट्रिंगमास्टर’सारख्या (१९५३) दोन ते चार दांड्यांच्या जड वाद्यांना पायच जोडले. ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीतातील जोश ग्रेव्ह्ज, जेरी डग्लस यांच्या परंपरेत डोब्रो (आवाज वाढवणारी धातूची तबकडी बसवलेली गिटार) पट्ट्याने अडकवतात, दिंडीत गळ्यात पेटी अडकवतात तशी; आतली कड पोटाशी टेकते आणि खाचेची कांडी बोटांत घट्ट बसते. ज्युनियर ब्राउन याने १९८५ मध्ये मायकेल स्टीव्हन्सकडून ‘गिट-स्टील’ घडवून घेतले. त्यात वरचा दांडा साध्या गिटारचा, खालचा लॅप स्टीलचा आणि सारे वाद्य स्टँडवर. गाता-गाता हात बदलण्याची ही युक्ती सर्वांत कल्पक म्हणावी लागेल.

मुंबईतील वादकाला कीबोर्डचा घडीचा स्टँड सोयीचा. धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांत तो सहज मिळतो. आडव्या दांड्यांवर फोम बसवून वाद्य कोपराच्या किंचित खाली ठेवावे. पट्ट्याच्या बटणासाठी जुन्या वाद्याला नवे भोक मात्र कधीही पाडू नये. मूळ रूप एकदा गेले की परत येत नाही. आवाजाचा पेडल उभ्याने दाबताना सारा भार एका पायावर येऊन कांडी डळमळते, म्हणून आवाजाचे बटण करंगळीनेच फिरवणे अधिक सुरक्षित.