थंडीच्या माशाला थंडी मिळेना

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर हौशी मच्छीमारांचा हंगाम मार्चच्या मध्याला सुरू होत असे. उथळ खाडीत होडी नांगरायची, ठेचलेले शिंपले भरलेली जाळीदार पिशवी तळाशी सोडायची, भोवती मक्याचे दाणे फेकायचे आणि बारीक गळाला समुद्री किडा लावायचा, एवढ्या तयारीवर ‘विंटर फ्लाउंडर’ बादलीभर मिळे. आपल्याकडच्या लेपीच्याच गटातला हा चपटा मासा आज तिथे दिवसाला माणशी दोनच ठेवता येतो, आणि तेवढेही मिळणे दुरापास्त झाले आहे.

बेसुमार मासेमारीने हा साठा खालावला, यात शंका नाही. ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्सच्या सीमेवरील माउंट होप उपसागरात ब्रेटन पॉइंट वीजकेंद्राच्या गरम पाण्याचीही त्यात भर पडली. परंतु २००९ पासून काही वर्षे दक्षिण न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या, केंद्र सरकारच्या अखत्यारीतील समुद्रात हा मासा ठेवण्यास मनाई होती, वीजकेंद्राने शीतक मनोरे उभारले, २०१७ मध्ये ते केंद्र बंदही पडले. तरीही मासा पूर्वीसारखा वाढला नाही.

याचे मोठे कारण हिवाळ्यात आहे. रक्तातील विशिष्ट प्रथिने बर्फाचे स्फटिक वाढू देत नसल्यामुळे हा मासा गोठणबिंदूजवळच्या पाण्यातही तग धरतो आणि हिवाळ्याच्या अखेरीस खाडीत येऊन तळाला चिकटणारी अंडी घालतो. त्या थंडीत त्याचे शत्रू सुस्त असतात. अंडी आणि नुकतीच तळाशी टेकलेली, नखाएवढी पिल्ले खाणारी वाळूतील छोटी कोलंबी त्यांतलीच एक. हिवाळा उबदार झाला की ती लवकर सक्रिय होते आणि पिल्लांच्या हाती असलेला सुरक्षित काळ आखडतो. ऱ्होड आयलंडच्या नॅरागॅन्सेट उपसागरात १९५९ पासून दर आठवड्याला जाळे ओढून नोंदी ठेवल्या जातात. तिथे हिवाळी पाणी तापत गेले, आणि हा मासा विरळ होत गेला.

शिवाय हे मासे बहुतांशी आपापल्याच खाडीत परततात, त्यामुळे एक खाडी रिकामी झाली तर शेजारची ती सहजी भरून काढत नाही. लाँग आयलंडच्या उपसागरांतील माशांच्या जनुकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांच्यात जवळच्या नात्यांतच प्रजनन होत असल्याचे दिसले. अशा स्थितीत दोन माशांची ती सवलतसुद्धा या खाड्यांपुरती थांबवावी, असे मला ठामपणे वाटते, कारण वसंतात गळाला लागणारा मासा बहुधा प्रजननक्षम असतो आणि पाणी थंड करणे कोणत्याही मत्स्यखात्याच्या हाती नाही.