अटॅचमेंट बॅकअपमधून बाहेर कशा पडल्या, थोडी पार्श्वभूमी

ऑफिसच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप रिस्टोर केला, सगळी बिलं दिसतायत, रकमा जुळतायत, आणि बिलाला जोडलेली पीडीएफ उघडायला गेलं की फाइल सापडत नाही. हे आजही सर्रास होतं, आणि दरवेळी दोष निष्काळजीपणाचाच असतो असं मला वाटत नाही, याची मुळं बरीच जुनी आहेत.

१९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. सगळी माहिती टेबलात, ओळी आणि कॉलममध्ये. १९७९ मध्ये ओरॅकलचा डेटाबेस बाजारात आला तेव्हाही आत जायचे ते आकडे, तारखा, नावं, म्हणजे छोट्या गोष्टी. कागद कपाटात आणि नोंद कॉम्प्युटरमध्ये, त्यामुळे डेटाबेसचा बॅकअप घेतला म्हणजे सॉफ्टवेअरचा बॅकअप झाला, हे त्या काळी खरंच होतं. ही सवय तिथली.

मग कागद आत यायला लागला. अख्खी फाइल डेटाबेसमध्ये ठेवायची सोय, ज्याला आपण ब्लॉब म्हणतो, ती डेक या कॉम्प्युटर कंपनीत काम करणाऱ्या जिम स्टार्की यांच्याकडून आली. ओरॅकलमध्ये त्यासाठी बरीच वर्षं लाँग रॉ हा कॉलमचा प्रकार होता, एका टेबलात असा एकच कॉलम चालायचा, फारच अडचणीचं. १९९२ मध्ये माइम स्टँडर्ड आलं आणि ईमेलला फाइल जोडणं रोजचं झालं, पुढे स्कॅनर आले, मोबाइलचे कॅमेरे आले, आणि लोकांना प्रत्येक ऑर्डरला, प्रत्येक बिलाला काहीतरी जोडायचंच होतं.

१९९७ च्या ओरॅकल ८ मध्ये एक गोष्ट आली ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, बीफाइल. फाइल बाहेर सर्व्हरच्या डिस्कवर, डेटाबेसमध्ये फक्त तिचा पत्ता. साहजिकच डेटाबेसच्या बॅकअपमध्ये ती फाइल येत नाही. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या सीअर्स, व्हॅन इंजेन आणि जिम ग्रे यांनी मोजून दाखवलं की साधारण २५६ केबीपेक्षा लहान फाइल डेटाबेसमध्ये बऱ्या, १ एमबीच्या वरच्या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे थेट डिस्कवर, बऱ्या. त्याच वर्षी मार्चमध्ये ॲमेझॉनचं एस३, म्हणजे इंटरनेटवरून फाइल साठवायची सेवा, सुरू झालं आणि फाइल बाहेर ठेवणं आणखी सोपं झालं. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर २००८ मध्ये फाइलस्ट्रीम आणून मधला रस्ता काढला, फाइल डिस्कवर पण बॅकअप डेटाबेससोबतच. चांगली कल्पना होती, पण बाकीचं जग त्या वाटेने गेलं नाही.

म्हणजे फाइल बाहेर गेल्या त्या योग्य कारणांसाठीच, बॅकअप घ्यायची पद्धत मात्र डेटाबेसपाशीच राहिली. ओडू या धंद्याचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अटॅचमेंट पूर्वी डेटाबेसमध्ये जायच्या, नंतर डिफॉल्टच फाइलस्टोअर, म्हणजे डिस्कवरचं फोल्डर, झालं, आता ओडूच्या स्वतःच्या झिप बॅकअपमध्ये फाइलस्टोअर घेता येतं पण रात्री नुसता पीजी-डंप, म्हणजे फक्त डेटाबेसची प्रत काढणारी कमांड, चालत असेल तर त्यात फक्त नोंदी. ईआरपीनेक्स्ट या तशाच सॉफ्टवेअरमध्ये नुसती बेंच बॅकअप ही कमांड दिली तर डेटाबेसच येतो, फाइलसाठी विथ-फाइल्स हा पर्याय द्यावा लागतो. जिरा हे कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर त्याच्या एक्सएमएल बॅकअपमध्येही अटॅचमेंट नसतात, ते फोल्डर वेगळं घ्यायचं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं असतं, पण बॅकअपची स्क्रिप्ट एकदा चालली की परत तिथे कोण बघतं.

क्लाउडने यात अजून एक गैरसमज घातला, फाइल तीन ठिकाणी कॉपी होतायत म्हणजे बॅकअप आहे असा. कॉपी होते तशी चुकीने ओव्हरराइट केलेली फाइलही सगळीकडे पोचते, जुनी प्रत हवी तर व्हर्जनिंग वेगळं चालू करावं लागतं.

फाइल आणि नोंदी दोन जागी गेल्यामुळे वेळेचा प्रश्नही आला. चालू सिस्टिमवर आधी फाइल आणि मग डेटाबेस घेतला तर मधल्या वेळात जोडलेल्या बिलांची नोंद येते आणि फाइल येत नाही. म्हणून आधी डेटाबेस, मग फाइल, असं केलं तर फार तर काही फाइल जास्तीच्या येतात आणि त्याने काही बिघडत नाही, फक्त त्या वेळात फाइल डिलीट करणारं कुठलंही काम चालू नको. आणि जुळतंय का हे रिस्टोर करूनच बघावं, टेबलातली प्रत्येक नोंद घेऊन तिची फाइल डिस्कवर आहे का ते तपासायचं. ओडूमध्ये तर फाइलचं नावच तिच्या मजकुराच्या शा-१ चेकसमवरून, म्हणजे मजकुरातून गणिताने काढलेल्या खुणेवरून, ठरतं, त्यामुळे फाइल नुसती आहे एवढंच नाही तर आतून शाबूत आहे का हेही एका छोट्या स्क्रिप्टने कळतं.